एकशे एक टक्के शुद्ध

विद्यार्थी : बाई, आठवीत तुम्ही फळ्यावर लिहिलेलं वाक्य मला अजून पाठ आहे. ज्यातले सगळे कण एकाच प्रकारचे, तो शुद्ध पदार्थ. मूलद्रव्यं आणि संयुगं शुद्ध, बाकी सगळी मिश्रणं. वाळूजला औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, लागून मला आता चौदा वर्षं झाली. रोज सकाळपासून मी शुद्धताच मोजतो. पण तुमच्या त्या वाक्यात बसेल असा पदार्थ मला आजवर एकदाही भेटलेला नाही. साधं पॅरासिटामॉल घ्या. फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथात, त्याची मर्यादा ९९.० ते १०१.० टक्के अशी दिलेली असते. नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्याच आठवड्यात विचारतो, सर, शंभराच्या वर शुद्ध कसं काय? त्याला समजवावं लागतं की हा आकडा एकट्या पदार्थाचा नाही, त्यात आपल्या मोजण्याची चूकभूलही धरलेली आहे. मग तो क्रोमॅटोग्राम, म्हणजे औषधातले घटक वेगवेगळे दाखवणारा आलेख, बघतो. मधोमध औषधाचं उंच पीक, आणि त्याच्या पायथ्याशी मुंगीच्या वारुळाएवढे बारीक उंचवटे. दिवसाला २ ग्रॅमपर्यंत घेतल्या जाणाऱ्या औषधात ०.०५ टक्क्यापर्यंतचा उंचवटा रिपोर्टमध्ये धरायचा नाही, असा नियम आहे. उंचवटा तिथे असतो, डोळ्यांना दिसतो, पण लिहायचा नाही. सराफ्यात जाऊन ९९९.९ नंबरी सोनं घेतलंत, तरी त्याच्या एका ग्रॅममध्ये साधारण तीनावर सतरा शून्यं इतके परके अणू असतात. मग शुद्ध पदार्थ आहे तरी कुठे? मला वाटतं, तो फक्त पुस्तकात आहे.

बाई : पुस्तकात आहे हे मान्य. पण पुस्तकात तो आला कुठून, ते विसरलास. त्याच वर्षी मी तुम्हाला तुरटीच्या पाण्यात चिमूटभर मोरचूद टाकायला लावलं होतं. पाणी निळं झालं, तुम्ही त्यात दोरा सोडला आणि भांडं खिडकीत ठेवलं. चार दिवसांनी दोऱ्याला जे खडे धरले ते पांढरे, काचेसारखे होते. निळा रंग खालच्या पाण्यातच राहिला. तुम्ही सगळे ओरडलात, बाई, तुरटीने निळं घेतलंच नाही! त्या खड्याला कुणी पॅरासिटामॉलची मर्यादा सांगितली नव्हती. तुरटीचे कण तुरटीच्या कणांशेजारी रचले गेले, कारण तिथे तेच बसत होते. खडीसाखर करणाराही हेच करतो, त्याला रेणू माहीत नसला तरी. तू आता कणांची शिरगणती करून मला हरवतोयस. पण कण मोजता येण्याच्या कितीतरी आधी लोक शुद्ध पदार्थ ओळखत होते. १९०४ साली लंडनमधल्या फॅरडे व्याख्यानात रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्डने अणूंचा आधार न घेता शुद्ध पदार्थाची व्याख्या करून दाखवली. पदार्थ वितळवा, उकळवा, त्याची वाफ करा. अवस्था बदलताना मागे राहिलेला भाग आणि निघून गेलेला भाग जर सारखाच निघाला, आणि तापमान-दाब बदलूनही सारखाच निघत राहिला, तर तो शुद्ध. यात टक्का कुठे आहे? ही पदार्थाची वागणूक आहे. तू आकडे मोजतोस, मी वागणूक बघते.

विद्यार्थी : वागणुकीवरच जायचं तर आपल्या मराठवाड्यातल्या डिस्टिलरीत चला. मळी आंबवून दारू काढतात आणि तिचं पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून रेक्टिफाइड स्पिरिट करतात. वजनाने ९५.६ टक्के अल्कोहोल झालं की गाडी अडते. पुढे कितीही वेळा उकळा, वाफेतही ९५.६ आणि भांड्यातही ९५.६. उत्कलनांक एकच, ७८.२ अंश. मागे राहिलेलं आणि निघून गेलेलं अगदी सारखं. तुमच्या ओस्टवाल्डच्या परीक्षेत हे पाणी मिसळलेलं अल्कोहोल पहिल्या नंबराने पास होतं. रसायनशास्त्रात ज्याला सरळ मिश्रण म्हणतात ते वागणुकीत शुद्ध ठरलं. मग वागणुकीचा भरवसा किती धरायचा?

बाई : पास होत नाही. तू अर्धीच परीक्षा घेतलीस. दाब बदलून बघ. दाब कमी केला की ते ९५.६ सरकायला लागतं, आणि पाऱ्याच्या सुमारे ७० मिलिमीटरखाली गेलं की ते ठाणच उरत नाही, अल्कोहोल आणि पाणी ऊर्ध्वपातनाने वेगळे होतात. खरा शुद्ध पदार्थ असा सरकत नाही. दाब बदलला तर उत्कलनांक बदलेल, पण पाण्याची वाफ पाण्याचीच राहील. आणि पेट्रोलमध्ये घालायचं ९९.५ टक्क्यांचं इथेनॉल करताना तुझे डिस्टिलरीवाले काय करतात? चाळणीच्या दगडातून वाफ नेतात. त्याची भोकं अशी बारीक की पाण्याचा रेणू आत शिरतो आणि अल्कोहोलचा बाहेर राहतो. म्हणजे ते दोघं वेगळे होतेच, एका ठरावीक दाबाला एकत्र उडत होते एवढंच. सोबत चालणं आणि एक असणं यांत फरक आहे, आणि तो फरक प्रयोगात दिसतो. तुझ्या आक्षेपाने माझी व्याख्या मोडली नाही, उलट तिला धार आली. शुद्ध पदार्थ तो, जो एका परिस्थितीत नव्हे, परिस्थिती बदलत नेली तरी फुटत नाही.

विद्यार्थी : ठीक. पाण्याची वाफ पाण्याचीच राहते म्हणालात ना, मग पाण्यावरच येऊ. आमच्याकडे जायकवाडीचं पाणी येतं. ते गाळून, क्षार काढून, पुन्हा पुन्हा शुद्ध केलं जातं आणि शेवटी त्याची वाहकता मोजतात, म्हणजे त्यातून वीज किती वाहते ते बघतात. क्षार जितके कमी तितकी वीज कमी. मला सुरुवातीला वाटायचं की आदर्श पाण्यात ही शून्य असेल. शून्य नसते. २५ अंशाला ती सेंटिमीटरला ०.०५५ मायक्रोसीमेन्सवर येऊन थांबते, त्याच्या खाली जातच नाही. कारण पाणीच पाण्याला मोडतं. साधारण ५५ कोटी रेणूंमागे एक रेणू कुठल्याही क्षणी दोन विद्युतभारित तुकड्यांत फुटलेला असतो. म्हणजे जगातल्या सगळ्यात शुद्ध पाण्यातसुद्धा कण एका प्रकारचे नाहीत. ते तुकडे मी बाहेर काढू शकत नाही, काढले की दुसरे तयार होतात. वर ते पाणी उघडं ठेवलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेऊन थोड्याच वेळात आंबट होतं. हे झालं तुकड्यांचं. आता हायड्रोजन बघा. दर ३२०० रेणूंमागे एकात साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असतो, आणि दर ५०० रेणूंमागे एकात जड ऑक्सिजन. उन्हाळ्यात जायकवाडीचा नाथसागर आटतो तेव्हा हलके रेणू आधी उडतात, मागे राहतं ते किंचित जड पाणी. तुमच्याच परीक्षेनं बघा बाई, मागे राहिलेलं आणि निघून गेलेलं सारखं नाही. मोजमापवाल्यांनाही हे टोचलं होतं. केल्व्हिन हे तापमानाचं एकक २०१९ पर्यंत पाण्यावर बेतलेलं होतं, आणि २००५ साली त्यांना स्पष्ट लिहावं लागलं की पाणी म्हणजे ठरावीक समस्थानिकांचं पाणी. ‘शुद्ध पाणी’ एवढं म्हणून भागेना.

बाई : हा तुझा सगळ्यात खरा आक्षेप, आणि त्यासाठी मी माझं फळ्यावरचं वाक्य मागे घेते. सगळे कण एकाच प्रकारचे, हे चूक आहे. मुलांना सोपं म्हणून आम्ही सांगतो, पण सोपं आणि चूक यांत शिक्षकाने फरक करायला हवा. तुकड्यांचं आधी घेऊ. ते तुकडे पाण्यात बाहेरून आलेले नाहीत. पाण्यातूनच झाले, पाण्यातच विरतात, आणि तेही डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी. मीठ पाण्यात असणं आणि हे तुकडे पाण्यात असणं एका मापाने मोजता येणार नाही. मीठ काढलं तर पाणी राहतं. तुकडे काढले तर पाणी पुन्हा तेच करून घेतं. तेव्हा शुद्ध पदार्थ म्हणजे एका प्रकारचे कण नव्हेत, एका घरातले कण, जे एकमेकांत सतत बदलत राहतात आणि ज्यांचं आपसातलं प्रमाण कुणी बाहेरून ठरवत नाही. जड पाण्याबद्दल मात्र मला तेवढं ठामपणे बोलता येणार नाही. तिथे मी म्हणेन की फरक आहे, पण रसायनशास्त्राच्या बहुतेक प्रश्नांना तो फरक लागत नाही.

विद्यार्थी : “बहुतेक प्रश्नांना लागत नाही.” बाई, मला नेमकं हेच म्हणायचं होतं! प्रश्न कुठला, हे ठरल्याशिवाय शुद्ध म्हणता येत नाही. स्वयंपाकाला जड पाण्याचा फरक लागत नाही, अणुभट्टीला लागतो. घर म्हणालात तर घराची भिंत कुठे आहे, हे काळावर आलं. पापणी लवायच्या आत बदलतात ते एका घरातले. आणि जे दोन वर्षांत बदलतात ते? रॅनिटिडिन आठवतंय ना, पित्तावरची गोळी, घराघरात असायची. २०१९ साली तिच्यात एनडीएमए हे कर्करोगाचा धोका असलेलं रसायन सापडलं. त्याची दिवसाची मर्यादा ९६ नॅनोग्रॅम. आधी सगळ्यांना वाटलं, कारखान्यात काहीतरी मिसळलं असेल. मग कळलं की रॅनिटिडिनचा रेणूच साठवणुकीत, विशेषतः उष्णतेत, हळूहळू मोडून ते तयार करतो. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिथल्या बाजारातून ती काढून घ्यायला लावली. त्यात बाहेरून कुणी आलंच नव्हतं. तुमच्या पाण्यातल्या तुकड्यांसारखंच घरातलं होतं. फरक इतकाच की ते परत फिरून रॅनिटिडिन होत नव्हतं, आणि हे व्हायला महिने लागत होते. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या गोदामात काय तापमान असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

बाई : परत फिरत नव्हतं, हा फरक लहान नाही. सगळा फरक तोच आहे. पण पुढे बोल. तुला याहून जास्त काही म्हणायचंय, हे मला दिसतंय.

विद्यार्थी : हो. मला टक्क्यांची भीती वाटते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जानेवारी-फेब्रुवारीत १४ रुग्ण दगावले. त्यांना ग्लिसरीन दिलं होतं आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने सगळी साखळी उलगडून दाखवली. आमच्याकडे कामाला लागलेल्या प्रत्येकाला हे प्रकरण मी सांगतो. दोन्ही द्रव रंगहीन, दोन्ही दाट, दोन्ही गोडसर. वरवर बघणाऱ्याला ओळखू येणार नाहीत. ९८ टक्के शुद्ध असं एखाद्या बाटलीवर लिहिलं, तर उरलेले दोन टक्के पाणी आहेत की विष, हे त्या आकड्यात कुठेच नाही. म्हणून आता ग्लिसरीनच्या चाचणीत डायएथिलीन ग्लायकॉलचं नाव घेऊन ते वेगळं शोधतात, ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही. म्हणजे एकेका अशुद्धीचं नाव घेऊन तिच्यापुरतं शुद्ध म्हणायचं. कशापासून शुद्ध, कशासाठी शुद्ध, आणि कुठल्या चाचणीने. हे तीन प्रश्न नसतील तर ‘शुद्ध’ हा शब्द नुसता धीर देतो, आणि तो खोटा धीर असतो. उलटही घडतं. १९९८ मध्ये एचआयव्हीवरच्या रिटोनाविर औषधात परकं असं काही मिसळलं नव्हतं, पण स्फटिक अचानक दुसऱ्या घडणीचे पडायला लागले. ते नीट विरघळेनात, आणि कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या. तुमच्या कुठल्याही व्याख्येने ते शुद्ध होतं. रोग्याच्या पोटात ते निकामी होतं.

बाई : जे. जे. मधून तू जे शिकलास, त्याच्या उलट मी शिकले. तिथे बाटलीवर ग्लिसरीन लिहिलं होतं आणि आत ग्लिसरीन नव्हतं, किंवा निव्वळ ग्लिसरीन नव्हतं. ग्लिसरीन हा एक ठरलेला पदार्थ आहे, त्याची ठरलेली वागणूक आहे, हे जगात खरं नसतं, तर त्या बाटलीला खोटी म्हणायलाही जागा उरली नसती. लेंटिन आयोगाला कशाच्या जोरावर दोष देता आला? ‘कशासाठी शुद्ध’ हे एकदा माणसाच्या हातात दिलं की मला भीती वाटते, आणि ती का वाटते तेही सांगते. मी नागसेनवनात शिकले, १९५० साली बाबासाहेबांनी सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात. तिथे पहिल्यांदा मी स्वतःच्या हाताने पाण्याचं ऊर्ध्वपातन केलं. थेंब पडत होते आणि माझ्या डोक्यात महाडचं तळं होतं. २० मार्च १९२७ ला अस्पृश्य ठरवलेली आमची माणसं त्या तळ्याचं पाणी प्यायली. गुरं त्याच तळ्यावर पाणी पीत होती, त्याने काही बिघडत नव्हतं. माणसं प्यायली तेव्हा ते अशुद्ध झालं, आणि मग त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतून ते शुद्ध करण्यात आलं. शेण ओतून शुद्ध! ते शुद्ध करणाऱ्या सवर्णांकडेही तुझे तिन्ही प्रश्न होते बरं. कशापासून शुद्ध, कशासाठी शुद्ध, कुठल्या विधीने. तिन्हींची उत्तरं त्यांच्याजवळ तयार होती. ज्या शुद्धतेला कुणी हात लावला याच्याशी देणंघेणं नाही, अशी शुद्धता मला प्रयोगशाळेत पहिल्यांदा भेटली. थर्मामीटर माझं आडनाव विचारत नव्हतं. ती शुद्धता माणसाच्या हेतूवर सोपवायला तू मला सांगतोयस, आणि मला ते जमणार नाही.

विद्यार्थी : बाई, हे तुम्ही वर्गात कधी सांगितलं नव्हतंत.

बाई : आठवीच्या वर्गात नाही सांगितलं. सांगायला हवं होतं.

विद्यार्थी : तुमचं म्हणणं मला आतपर्यंत पोचलं. तरी मी माघार घेत नाही. कारण माझ्या मते महाडला नेमकं उलट झालं होतं. ‘कशापासून’ हे त्यांनी उघड लिहिलं नव्हतं, ते ‘शुद्ध’ या एका शब्दात लपवलं होतं. पाणी शुद्ध की अशुद्ध एवढंच बोलायचं, आणि निर्णय कुणी घेतला ते पाण्याच्या माथी मारायचं. मी म्हणतो निर्णय असतोच, तर तो कागदावर दिसू द्या. आमच्या रिपोर्टवर चाचणीची पद्धत लिहिलेली असते, तारीख असते, सही असते. उद्या कुणीही तीच पद्धत वापरून मला खोटं पाडू शकतो. सोन्यासाठी आपण ‘बावनकशी’ म्हणतो, त्या शब्दातच कस आहे, सोनं दगडावर घासून बघितल्याची खूण आहे. मला असे शब्द आवडतात. ‘शुद्ध’ या शब्दात तशी खूण नाही. आणि निसर्ग तरी तुमच्या बाजूने पूर्ण उभा आहे का? स्थिर प्रमाणाचा नियम, म्हणजे एका संयुगात घटकांचं प्रमाण नेहमी एकच, तो प्रूस्टचा म्हणून तुम्ही शिकवलात. त्याच्याशी वर्षानुवर्षं वाद घालणाऱ्या बर्थोलेचं नाव आम्हाला परीक्षेला नव्हतं. नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला असताना त्याने सोड्याची तळी पाहिली, काठावर खारांचे थर. आपल्या लोणारच्या सरोवरासारखीच. लोणारचा खार आपले लोक दल्ला, पापडी, भुस्की अशा नावांनी प्रतवारी लावून विकायचे, एकाच खाराच्या चढत्या-उतरत्या प्रती. बर्थोलेचं म्हणणं होतं की संयुगांतलं प्रमाणसुद्धा असंच सरकू शकतं. तो हरला असं पुस्तकं सांगतात. पण लोखंडाचं साधं ऑक्साइड, वुस्टाइट, ते सहसा एकास एक निघतच नाही. ऑक्सिजनच्या एका अणूमागे लोहाचे सुमारे ०.९५ अणू, आणि तेही कमीजास्त होतात. ते संयुग आहे, पुस्तकात शुद्ध पदार्थांच्या रकान्यात आहे, आणि त्याचं प्रमाण ठरलेलं नाही.

बाई : बर्थोले थोडासा बरोबर होता, हे मी पुढच्या वर्षीपासून शिकवीन. पण बघ, त्याला ‘थोडासा’ म्हणता येतं, कारण बाकीची असंख्य संयुगं प्रूस्टच्या बाजूने उभी राहतात. प्रूस्टने खाणीतलं ताम्र कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत स्वतः केलेलं ताम्र कार्बोनेट दोन्ही तपासली, प्रमाण एकच निघालं. ते त्याने ठरवलेलं नव्हतं. आता मला एक सांग. रिपोर्टमध्ये न लिहायचा तो ०.०५ टक्का, तो कुणी ठरवला?

विद्यार्थी : १९९० साली युरोप, जपान आणि अमेरिका यांचे औषध नियामक आणि तिथले औषध उद्योग एकत्र बसले, त्यातून पुढे हे दंडक आले. दिवसाचा डोस वाढला तर मर्यादा आणखी खाली जाते, ०.०३. सुरक्षितता बघून आणि यंत्राला काय पकडता येतं ते बघून ठरवलेलं आहे.

बाई : म्हणजे बैठकीत ठरलं. आपल्याकडचं कुणी त्या बैठकीत नव्हतं. बेन्झॉइक आम्ल १२२ अंशाला वितळतं, हे कुठल्या बैठकीत ठरलं?

विद्यार्थी : ते नाही ठरलं. पण काचेच्या बारीक नळीत भुकटी किती उंचीपर्यंत भरायची, मिनिटाला किती अंशाने तापवायचं, पहिला थेंब दिसला तो आकडा धरायचा की शेवटचा कण गेला तो, हे ठरवावं लागतं. भराभर तापवलं तर आकडा चुकतो. आणि एखादी अशुद्धी इतकी कमी असू शकते की द्रवणांकाला तिचा पत्ताच लागत नाही. ९६ नॅनोग्रॅम तुमच्या नळीत कधीच दिसणार नाहीत.

बाई : नाही दिसणार. तरी माझ्या वर्गातल्या मुली दोऱ्याने नळी थर्मामीटरला बांधतात, तेलात सोडतात, आणि डोळे न हलवता बघत राहतात. ज्यांनी भुकटी नीट वाळवलेली नसते त्यांची ११५ पासूनच ओलसर दिसायला लागते आणि रेंगाळत वितळते. ज्यांनी दोनदा स्फटिक पाडलेले असतात, त्यांची १२१ पर्यंत कोरडी असते. मग एकदम पाणी होते. दर वर्षी. गाव कुठलंही असो, मुलगी कुणाचीही असो.

विद्यार्थी : मिनिटाला एक अंशाने तापवलं तर.

बाई : हो. मिनिटाला एक अंशाने तापवलं तर.